दोष ट्यूबचा की हाताचा?

सिलिकॉनची ट्यूब पारखण्याची घरगुती रीत

मृगाचा पाऊस तोंडावर आला की खेडोपाडी घरादाराची डागडुजी सुरू होते. पूर्वी कौले चाळायची, धाब्यावर पांढरी माती चढवायची, कुडाला शेणमातीचा हात द्यायचा, की काम भागत असे. आता घरावर पत्रा आला, स्वयंपाकघरात ओट्याला स्टीलचे सिंक बसले, न्हाणीघरात फरशा चढल्या, खिडक्यांना काचा लागल्या. या नव्या वस्तूंच्या फटी शेणामातीने बुजत नाहीत. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब येते. ती गनमध्ये घालायची, खटका दाबायचा, फटीवर वळी ओढायची. वळीचे रबर होते आणि पाणी थांबते.

निदान थांबायला हवे. पण पुष्कळ घरी ते थांबत नाही. आठ दिवस झाले तरी वळी बोटाला चिकटत राहते, नाहीतर पहिल्याच सरीत ती सालीसारखी सोलून निघते. वर्षाच्या धान्याच्या पोत्यांवर थेंब पडू लागतात, आणि मग एकच ओरड होते, "ट्यूबच खराब निघाली!" गवंडी दुकानदाराकडे बोट दाखवतो, दुकानदार गवंड्याकडे. ज्याचे पैसे गेले तो बिचारा मधल्यामध्ये उभा.

आता ट्यूब खरोखरच खराब निघू शकते, यात शंका नाही. पण कित्येकदा 'नाचता येईना अंगण वाकडे' असाही प्रकार असतो. यातले खरे काय, हे ओळखायला ना प्रयोगशाळा लागते ना इंजिनियर. पेरणीआधी आपण सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे पेरणीला घेतो. तशीच उगवणीची परीक्षा या ट्यूबचीही घेता येते. काचेचा एक तुकडा आणि दोन दिवसांचा धीर, एवढेच भांडवल पुरे.

सुकणे नव्हे, जमणे

परीक्षा घेण्याआधी हा पदार्थ वागतो कसा, ते समजून घेऊ या.

वाळूमध्ये सिलिकॉन नावाचे मूलद्रव्य असते. त्यापासून कारखान्यात रबरासारखा जो पदार्थ बनवतात त्यालाही आपल्याकडे सिलिकॉनच म्हणतात. फ्रेडरिक किपिंग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा पदार्थांना हे नाव दिले. पुढे १९४० साली अमेरिकेत युजीन रोकोव यांनी ते कारखान्यात बनवण्याची सोपी रीत शोधली आणि त्यांचा प्रसार झाला. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या बुटांचे तळवे सिलिकॉनच्या रबराचेच होते. ऊन, थंडी, पाऊस सोसण्यात हा पदार्थ साध्या रबरापेक्षा फार चिवट, म्हणून तर तो आपल्या पत्र्यापर्यंत येऊन पोचला.

ट्यूबमध्ये तो मलईसारखा मऊ असतो. बाहेर आल्यावर घट्ट होतो, म्हणून आपण म्हणतो 'सुकला'. खरे पाहता हे सुकणे नव्हे. चुन्याची सफेदी सुकते म्हणजे तिच्यातले पाणी उडून जाते. सिलिकॉनचे नेमके उलट आहे. तो हवेतला ओलावा आत घेतो आणि त्या ओलाव्याने जमतो. सिमेंट जसे पाण्यामुळे पकडते, तसेच काहीसे.

या एका गोष्टीवरून पुढच्या साऱ्या गोष्टी उलगडतात. ओलावा बाहेरून येतो, म्हणून वळी बाहेरून आत जमत जाते. दुधावर साय धरावी तशी पहिल्या काही मिनिटांत तिच्यावर कातडी धरते. त्यानंतर साधारण हवेत चोवीस तासांत दोन ते तीन मिलिमीटर एवढीच जाडी जमते. म्हणजे बोटभर खोल फट एकदम ठासून भरली, तर आतला भाग आठवडाभरही मऊ राहू शकतो. त्यात ट्यूबचा काही अपराध नाही.

हवा कोरडी असेल तर हे काम आणखी सावकाश होते. मराठवाड्यात किंवा विदर्भात वैशाखाच्या कोरड्या हवेत जी वळी रेंगाळते, तीच कोकणात पावसाळ्याच्या दमट हवेत भराभर जमते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. वळी ओढताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तेव्हा काही जण ट्यूब आंबली म्हणून टाकून देतात. बाजारातल्या साध्या सिलिकॉनमधून जमताना ॲसेटिक आम्ल बाहेर पडते, आणि व्हिनेगरमध्येही तेच आम्ल असते. हा वास म्हणजे काम चालू असल्याची खूण आहे. वळी पूर्ण जमली की वास आपोआप जातो. मात्र तो नाकाडोळ्यांना झोंबतो, म्हणून खिडकी उघडी ठेवून काम करावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

ट्यूब म्हातारी होते

ओलाव्याने जमणारा पदार्थ टिकवायचा तर त्याला ओलाव्यापासून जपायला हवे. पण प्लास्टिकच्या ट्यूबमधूनही महिनोन्महिने थोडा थोडा ओलावा आत झिरपत असतो. म्हणून प्रत्येक ट्यूबला आयुष्य असते. बहुतेक ट्यूबांचे ते बनवल्यापासून सुमारे एक वर्ष, काहींचे थोडे कमीजास्त असते. तेही थंड, कोरड्या जागी ठेवली तर. पत्र्याच्या तापलेल्या दुकानात दोन उन्हाळे काढलेल्या ट्यूबचा भरवसा धरू नये.

म्हातारी ट्यूब दोन तऱ्हांनी बिघडते. एक तर ती आतल्या आत जमू लागते. मग खटका जड जातो आणि बाहेर येणाऱ्या मालात गुठळ्या दिसतात. दुसरी तऱ्हा जास्त फसवी आहे. माल मऊ, सुबक बाहेर येतो, पण त्यातला जमवणारा घटक आधीच खर्ची पडलेला असतो. अशी वळी दिसायला नवी, पण चार दिवसांनीही चिकटच. विरजण मेलेले असले की दही लागत नाही, तसाच हा प्रकार. ही दुसरी तऱ्हा नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तिच्यासाठीच काचेची परीक्षा हवी.

काचेवरची परीक्षा

खिडकीच्या काचेचा तळहाताएवढा तुकडा घ्या. कडा धारदार असतील तर त्यांवर चिकटपट्टी लावा. काच साबणाने धुऊन, स्वच्छ फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा. तेलकट बोट तिला लागू देऊ नका. काच का, तर चांगले सिलिकॉन स्वच्छ काचेला घट्ट धरतेच धरते. तिथे सबबीला जागा राहत नाही.

ट्यूबच्या तोंडाशी आलेला पहिला माल कागदावर काढून टाका. मग काचेवर बोटभर लांबीची आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या जाडीची वळी ओढा. वेळ लिहून ठेवा. काच सावलीत, हवा खेळती असेल अशा जागी ठेवा. डब्यात कोंडू नका. डबाबंद हवेत ओलावा पुरत नाही आणि चांगली वळीही अडून बसते. उन्हाळ्याचे कोरडे दिवस असतील तर जवळ पाण्याचे भांडे किंवा ओले फडके ठेवा, पण पाणी वळीवर पडू देऊ नका.

पुढे वळी तीनदा पाहायची.

पहिल्यांदा अर्ध्या तासाने. स्वच्छ, कोरडे बोट वळीला हलकेच टेकवा. साय धरल्यासारखी कातडी लागली आणि बोटाला काही आले नाही, तर सुरुवात चांगली आहे. काही जातींना जास्त वेळ लागतो, म्हणून अर्ध्या तासावर निकाल देऊ नये. तासाभराने पुन्हा पाहावे.

दुसऱ्यांदा चोवीस तासांनी. आता वरचा भाग रबरासारखा लागला पाहिजे. दाबल्यास आत थोडा मऊपणा जाणवला तरी चालेल.

तिसऱ्यांदा अठ्ठेचाळीस तासांनी. वळीचे एक टोक पात्याने आडवे कापा. आतपर्यंत सारखे रबर दिसले पाहिजे. मग नखाने टोक उचकटून ओढून पाहा. चांगली वळी ताणेल, प्रसंगी तुटेल, पण काचेवरून सहज सुटणार नाही.

घरातल्या भगिनींनी ही परीक्षा आपल्याकडे घ्यावी असे सुचवावेसे वाटते. विरजण कधी लागले आणि पाक कधी आला, हे ज्यांची बोटे ओळखतात, त्यांना हे काम जड नाही.

निकाल कसा वाचावा

काचेवर वळीचे घट्ट रबर झाले, पण पत्र्यावरची किंवा मोरीतली वळी मात्र सुटली, तर ट्यूब चांगली आहे. दोष जागेचा, जातीचा किंवा हाताचा आहे.

काचेवरची वळी दोन दिवसांनी आतबाहेर चिकट राहिली, तर तिसरा दिवस द्या. तिसऱ्या दिवशीही बोट बरबटले, तर ट्यूब खराब आहे, हे निश्चित समजा. वर कातडी धरली आहे आणि आत मऊ आहे, असे असेल तर मात्र वळी जाड झाली असण्याचा संभव आहे. बारीक वळी ओढून पुन्हा पाहा.

रबर तर झाले, पण धुतलेल्या काचेवरून अलगद सुटले, तर काच पुन्हा नीट स्वच्छ करून दुसरी वळी ओढा. तीही सुटली तर ती ट्यूब वापरू नका.

बाहेर येतानाच गुठळ्या निघाल्या तर परीक्षेचीही गरज नाही. पण नुसत्या नळकांड्याच्या तोंडाशी घट्ट बूच बसले असेल, तर ती खराबी नव्हे. एकदा उघडून ठेवलेल्या ट्यूबला असे बूच बसतेच. खिळ्याने ते ओढून काढा. आतला माल मऊ निघाला तर काचेवर पारखून वापरा.

जिथे ट्यूब निर्दोष असते

आता त्या चुका पाहू, ज्यांचे खापर उगाच ट्यूबवर फुटते.

पहिली चूक ओल्या आणि मळक्या जागेची. हवेतला ओलावा सिलिकॉनला हवा असतो, पण जागा मात्र कोरडी ठणठणीत लागते. ओल्या भिंतीवर ते धरत नाही. चुलीच्या धुराची काजळी, फोडणीचे तेल, साबणाचा थर, चुन्याची सफेदी, पत्र्यावरची धूळ यांच्यावरही धरत नाही. वळी त्या धुळीला चिकटते आणि धुळीसकट निघून येते. जागा खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच हात घालावा. पत्र्याचे काम भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर करू नये आणि पहाटेच्या दवातही करू नये. दव वाळल्यावर, ऊन चढण्याआधी करावे.

दुसरी चूक जुन्या वळीवर नवी वळी ओढण्याची. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट बसत नाही. जुने पात्याने मुळापासून काढावे लागते. याला दुसरी वाट नाही.

तिसरी चूक जात न पाहण्याची, आणि ती सगळ्यांत महाग पडते. आंबट वासाच्या साध्या सिलिकॉनमधले आम्ल पत्र्यावरच्या जस्ताला खाते, तांब्यापितळेला डागते. सिमेंटमध्ये चुना असतो. त्याच्याशी आम्लाचा संयोग होऊन मध्ये भुसभुशीत थर तयार होतो आणि वळी सुटते. काच आणि गुळगुळीत चिनी मातीची फरशी यांना साधी ट्यूब चालते. जस्ती पत्रा, सिमेंट, दगड यांच्यासाठी 'न्यूट्रल' जातीची ट्यूब मागावी. तिला तो आंबट वास नसतो. किंमत थोडी जास्त असते, पण दोनदा काम करण्यापेक्षा ती स्वस्तच पडते. ट्यूबवर सारे इंग्रजीत छापलेले असते. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून ते वाचून घ्यावे.

चौथी चूक नावातली. दुकानात सिलिकॉनच्या शेजारीच ॲक्रिलिकच्या ट्यूबा असतात. आकार तोच, गन तीच. ॲक्रिलिकचा माल मात्र पाण्यात कालवलेला असतो आणि पाणी उडाल्यावर सुकतो. भिंतीच्या आतल्या भेगांना तो चांगला, वर रंगही घेतो. पण ओला असताना पाऊस पडला तर धुऊन जातो. 'सिलिकॉन पावसात वाहून गेले' असे कोणी सांगितले, तर ती ट्यूब बहुधा ॲक्रिलिकची असते.

पाचवी चूक भलत्या ठिकाणी वापरण्याची. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या पॉलिथिलीनच्या असतात. त्या प्लास्टिकला सिलिकॉन धरतच नाही, मग कोणाचीही ट्यूब आणा. तिथे जोडाला रबरी वायसरच हवा. मोटारीच्या दाबाचे पाणी वाहणारा पीव्हीसी पाइप फुटला, तर त्यावर सिलिकॉनची मलमपट्टी टिकत नाही. तो तुकडा कापून पीव्हीसीच्या सोल्युशनने नवा जोड करावा लागतो. पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या जागी तर, 'पिण्याच्या पाण्यासाठी योग्य' असे ट्यूबवर स्पष्ट छापलेले असल्याखेरीज ती वापरूच नये.

सहावी चूक घाईची. सकाळी सिंकभोवती वळी ओढली आणि दुपारी भांडी घासायला बसलो, तर ती टिकणार कशी? निदान एक पूर्ण दिवस पाणी बंद ठेवावे. शक्य असल्यास दोन दिवस.

न्हाणीघरातली वळी काही महिन्यांनी काळी पडते, ती मात्र बुरशी असते. जागा सतत ओली राहिल्याने ती धरते. तिच्यावरून ट्यूब जमली नाही असा अर्थ काढू नये.

दुकानात उभे असताना

ट्यूब हातात घेतली की आधी तिच्यावरचा महिना आणि वर्ष पाहा. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता, माप, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क एवढे छापलेले असलेच पाहिजे. काही ट्यूबांवर 'अमुक तारखेआधी वापरा' असे असते, काहींवर 'बनवल्यापासून बारा महिने' असे. हिशेब तिथेच करावा. छाप खरवडलेली किंवा किमतीच्या चिठ्ठीखाली दडलेली असेल, तर ती ट्यूब परत ठेवावी.

मग ट्यूबचा तळ पाहावा. आतली चकती फुगून बाहेर आली असेल, बाजूने माल झिरपला असेल, तर दुसरी मागावी. जी ट्यूब घ्याल तिचे पक्के बिल घ्या. "एवढ्याशा वस्तूचे कसले बिल?" असे दुकानदार म्हणेल. आपण हसून म्हणावे, "बियाण्याच्या पिशवीचे घेतो, तसेच याचेही द्या." गवंडी किंवा प्लंबर आपल्या पिशवीतली अर्धी वापरलेली ट्यूब काढील, तर ती आधी काचेवर पारखल्याशिवाय घरावर वापरू देऊ नये.

आणि ट्यूब आणायची ती पावसाच्या आदल्या दिवशी नव्हे. काम करण्याआधी चार दिवस आणावी, म्हणजे परीक्षा होते, आणि बदलायची वेळ आली तर बदलूनही मिळते.

दाद कशी मागावी

काचेने ट्यूब खराब असल्याचे सांगितले, तर रागाच्या भरात ती उकिरड्यावर फेकू नका. बियाणे उगवले नाही तर आपण पिशवी, खुणेची चिठ्ठी, बिल आणि थोडे बियाणे जपून ठेवतो. कारण पुराव्यावाचून तक्रार उभी राहत नाही. इथेही तेच. ट्यूब, तिच्यावरचा बॅच नंबर, बिल आणि वळीसह तो काचेचा तुकडा जपून ठेवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आधी दुकानदाराकडे जा. नुसते "ट्यूब खराब आहे" म्हणण्यापेक्षा काचेचा तुकडा त्याच्यापुढे ठेवा. डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्याशी वाद घालणे कठीण असते. शहाणा दुकानदार ट्यूब बदलून देतो, कारण त्याच खोक्यातल्या बाकीच्या ट्यूबांची त्यालाही काळजी असते. तिथे भागले नाही तर ट्यूबवर छापलेल्या संपर्कावर कंपनीला कळवा. तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ग्राहकाला संरक्षण देणारा पहिला कायदा आपल्या देशात १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. एका ट्यूबसाठी तिथवर जाण्याची वेळ सहसा येत नाही, पण शेडच्या साऱ्या पत्र्यांसाठी खोकेभर माल घेतला आणि तो खराब निघाला, तर हा हक्क आपल्याला माहीत असलेला बरा.

आणि काचेने ट्यूब चांगली असल्याचे सांगितले, तर तेही तितक्याच सरळ मनाने मान्य करावे. जागा पुन्हा स्वच्छ करावी, जात तपासावी, काम नव्याने करावे. दुकानदाराशी विनाकारण तोंड वाजवून गावातला एक दुवा तोडण्यात शहाणपण नाही. गवंड्यालाही त्याची चूक शांतपणे दाखवावी, म्हणजे शेजारच्या घरी ती होणार नाही.

ज्वारीच्या दाण्याएवढी वळी आणि दोन दिवसांचा धीर. एवढ्यावर कळते की पैसे परत मागायचे की पुन्हा खरवडायला बसायचे. आभाळ भरून येण्याआधी हे कळलेले बरे. पोती भिजल्यावर दोष कोणाचा हे ठरवून धान्य वाळत नाही.